स्लॉट मशीनमध्ये छेडछाडीचा संशय आला तर तपासणी कशी करावी

मशीन भलतेच पैसे देऊ लागले की टेक्निशियनचा हात आधी स्विचकडे जातो. कृपा करून थांबा. मशीन खेळातून बाजूला काढा, कॅमेरा कक्षाला वेळ कळवा आणि दार उघडण्याआधी पडद्यावरचे सगळे उतरवून घ्या: आत आलेले, बाहेर दिलेले, शेवटचे डाव, दार उघडल्याच्या नोंदी. रॅम क्लिअर, म्हणजे मशीनची स्मृती पुसणे, परवानगीशिवाय करायचेच नाही, कारण त्यानंतर मशीनला काहीच आठवत नाही.

आता ताळा. नाण्यांच्या मशीनचे हॉपर, म्हणजे जिंकलेली नाणी बाहेर देणारे भांडे, रिकामे करून नाणी मोजा. समजा सुरुवातीला 400 होती, 200 भरली, खेळात 350 आली, त्यांतली 150 खालच्या पेटीत गेली आणि मीटर म्हणतो 500 दिली. म्हणजे हॉपरमध्ये 300 हवीत. 180 निघाली, तर 120 नाणी न मोजता बाहेर गेली.

हॉपरच्या तोंडाशी प्रकाशाचा सेन्सर असतो. नाणे गेले की किरण तुटतो आणि एक मोजले जाते. अमेरिकेत टॉमी कारमायकल या स्लॉट मशीन लुटणाऱ्या चोराने बारीक दिवा घालून नेमका हाच सेन्सर आंधळा केला होता. पण लगेच चोर शोधू नका. धूळ आणि सैल कनेक्टरही हेच करतात. मीटर आणि नाणी लिहून झाल्यावर, सेन्सर पुसण्याआधीच, 100 नाणी सोडून पाहा. मीटर 94 दाखवत असेल तर दोष आतला. मग वीज बंद करून भिंगे कोरड्या मऊ कापडाने पुसा, कनेक्टर घट्ट बसवा, पुन्हा 100 सोडा. सेन्सर न पुसताच तीनदा बरोबर 100 आले, तर मात्र कॅमेऱ्याचे चित्रण मागवा.

अर्थिंग बहुतेक जण तपासतच नाहीत. प्लग काढा, मल्टीमीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा धरा, मग प्लगची अर्थ पिन आणि दाराचा धातू यांमध्ये मोजा. 1 ओहमपेक्षा कमी यायला हवे. मोजतानाच दार हलवा; आकडा उडाला तर बिजागरीजवळची अर्थ वायर तुटत आलेली आहे. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर खाऱ्या हवेने तिथला स्क्रू गंजतो, तो आधी बघा. अर्थ नसेल तर अंगातल्या स्थिर विजेच्या ठिणगीनेही मशीन रीसेट होऊ शकते.

शेवटी प्रोग्राम. लॉजिक बॉक्सच्या, म्हणजे प्रोग्रामची चिप असलेल्या बंद पेटीच्या, सीलचा क्रमांक नोंदवहीशी जुळवा, चिपची डिजिटल सही, म्हणजे प्रोग्रामवरून निघणारी अक्षर-आकड्यांची ओळख, काढा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर ताडा. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी मशीन बंद. हे काम एकट्याने करू नये. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात जुगारावर देखरेख करणाऱ्या गेमिंग कंट्रोल बोर्डाचा रॉन हॅरिस मशीन तपासायचा आणि तपासतानाच त्यांत स्वतःचा कोड घालायचा. तो 1995 मध्ये पकडला गेला. म्हणून एकाने सही मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने प्रमाणपत्रावर बोट ठेवून पाहावे. नवे सील लावताना त्याचा क्रमांक, वेळ आणि दोघांच्या सह्या वहीत तिथेच घ्या.