‘मागील पानावरून’: बूथच्या आकड्यांची साखळी कशी बांधायची

पतसंस्थेत मी एकोणीस वर्षं रोजकीर्द लिहिते. पान भरलं की खाली बेरीज मारायची आणि पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘मागील पानावरून’ म्हणून तोच आकडा ओढायचा. मधल्या पानावर कोणी खाडाखोड केली तर पुढचं एकही पान जुळत नाही. ब्लॉकचेनचा गाभा एवढाच. तिथे बेरजेऐवजी हॅश पुढे ओढतात (हॅश म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेला ठसा; एक अक्षर बदललं तरी तो पार बदलतो), आणि वही एकाच्या कपाटात न राहता अनेकांकडे असते.

भाच्याने हे समजावलं आणि लगेच विचारलं, “मावशी, मग मतदानच मोबाइलवरून ब्लॉकचेनवर का घेत नाहीत?” मी चार निवडणुका बूथवर पक्षाची एजंट म्हणून बसले आहे. आदल्या रात्रीचं लक्ष्मीदर्शन आमच्या गल्लीला नवं नाही. पण पैसे देणाऱ्याला पुठ्ठ्याआड काय झालं ते कळत नाही, हीच मतदाराची ढाल आहे. मत घरच्या मोबाइलवर आलं की तो शेजारी बसून बटण दाबून घेईल. सासरा सुनेचं मत उरकेल. साखळीत ते मत बिनचूक नोंदलं जाईल, पण तिचं नसेल.

बाहेर हे करून झालं आहे. मॉस्कोने २०१९ च्या शहर निवडणुकीत ब्लॉकचेनवर मतदान ठेवलं. मतदानाआधीच पिएरिक गोद्री या फ्रेंच संशोधकाने त्याचं कूटलेखन साध्या संगणकावर वीसेक मिनिटांत फोडून दाखवलं. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियाने २०१८ मध्ये परदेशातल्या मतदारांसाठी असं ॲप वापरलं, आणि २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी त्यातल्या त्रुटी मांडल्यावर ते सोडलं. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होतं, पण तिथे पुन्हा मत देता येतं आणि शेवटचंच धरतात. दबावावर तो उतारा आहे. मला सगळ्यात पटतो तो जर्मनीच्या घटना न्यायालयाचा २००९ चा निकाल: मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत.

म्हणून साखळी तिथे लावा, जिथे मुळात गुप्त काही नाही. ती जागा म्हणजे फॉर्म १७ सी, बूथवर पडलेल्या मतांचा हिशेब.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७ सी चा पहिला भाग भरतात: कंट्रोल युनिटचा (यंत्राचा मतं साठवणारा भाग) क्रमांक, १७ ए या मतदारांच्या नोंदवहीतले मतदार, यंत्रात नोंदलेली एकूण मतं, सीलचे क्रमांक. कोणाला किती मतं हे त्यात नसतं. हजर एजंटला त्याची प्रत देणं निवडणूक नियमांतल्या नियम ४९ एस प्रमाणे त्यांना बंधनकारक आहे. तरी निम्मे एजंट पाच वाजताच घरी जातात. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात विधानसभेच्या मतदानाचा पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम ६६.०५ झाला, आणि केवढा गदारोळ उठला! सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, त्यामुळे आकडा वाढणारच. पण बूथवर शेवटी किती मतं पडली याचा सहीचा कागद हातात असेल तर संशय आणि उत्तर, दोन्ही कागदावर येतात. तेव्हा पहिलं काम: शेवटपर्यंत बसा, सही तपासा, प्रत घ्या.

मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून फोटो बाहेर आल्यावर काढा. तो मेसेजिंग ॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोचा आकार ॲप कमी करतं आणि हॅश बदलतो. त्या निवडणुकीत आम्ही हे करून पाहिलं, तेव्हा पहिली रात्र यातच गेली: ४१ बूथांचे फोटो आले आणि दोन संगणकांवर एकही हॅश जुळेना. शेवटी आम्ही ठरवलं की फोटो पुरावा म्हणून ठेवायचा आणि हॅश टाइप केलेल्या ओळीचा काढायचा. ओळ अशी: मतदारसंघ क्रमांक, बूथ क्रमांक, कंट्रोल युनिट क्रमांक, एकूण मतं. मध्ये स्वल्पविराम, रिकामी जागा कुठेही नाही, सगळीकडे एकाच लिपीतले आकडे. एकीने मराठी ६१२ टाकलं आणि दुसऱ्याने इंग्रजी, तर माणसाला दोन्ही सारखे, पण हॅश पार वेगळा.

ओळी बूथ क्रमांकाने लावा. पहिल्या ओळीचा एसएचए-२५६ (हॅश काढायची एक ठरलेली पद्धत) हॅश काढा. ६४ अक्षरं येतील. ती दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला चिकटवा आणि मग तिचा हॅश काढा. असं शेवटच्या बूथपर्यंत. हेच ते ‘मागील पानावरून’. यासाठी कोणतंही क्रिप्टो नाणं, कोणती कंपनी लागत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. हीच साखळी समोरच्या पक्षाच्या एजंटांनी त्यांच्या प्रतींवरून वेगळी बांधली पाहिजे. आमच्याच पाच जणांत वही फिरली तर ती आमचीच वही. आमच्याकडे समोरच्या बाजूने दूध संकलन केंद्र चालवणारा एक मुलगा तयार झाला. एका बूथवर त्याचे ४८७ आणि आमचे ४७८ निघाले. मूळ कागद काढला, तर चूक आमच्या टायपिंगची होती. हा आकडा त्याने पकडला याचं मला आजही समाधान आहे.

शेवटचा हॅश मोजणीआधी जाहीर व्हायलाच हवा. मोजणी २३ ला होती, म्हणून २२ च्या स्थानिक पेपरात चार ओळींची जाहीर नोटीस दिली. अमेरिकेत एक कंपनी १९९५ पासून न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला असाच हॅश छापत आली. छापलेला पेपर गावभर गेला की तो कोणी परत गोळा करू शकत नाही.

साखळी एवढंच सिद्ध करते की आकडा नंतर बदलला नाही. यंत्राने मत योग्य नोंदलं का, हे तिला कळत नाही. त्यासाठी सकाळचा किमान ५० मतांचा मॉक पोल (चाचणी मतदान) आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच बूथांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची मोजणी आहे. तिथे डोळ्यात तेल घालून उभं राहा.

मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि एकूण मतं आपल्या यादीशी ताडा. फरक दिसला तर लगेच आरडाओरड नको, कधी मॉक पोल क्लिअर करायचा राहिलेला असतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नंतर फॉर्म २०, म्हणजे बूथवार निकालाचा तक्ता, वेबसाइटवर आला की बूथवार पुन्हा जुळवा. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला यंत्रांची तपासणी मागायची असेल तर निकालापासून सात दिवस असतात, निवडणूक याचिकेला ४५. तोवर मूळ १७ सी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, आणि फाइल दोन वेगवेगळ्या घरांत.