व्हिएन्नाच्या कॉफीहाउसमध्ये कसं बसावं, काय मागवावं

व्हिएन्नाला जाऊन आलेले आपल्याकडचे बरेच जण राजवाड्यांचे फोटो हौसेने दाखवतात. खाण्याचा विषय निघाला की मात्र "चार दिवस ब्रेड आणि पिझ्झावर काढले" म्हणतात. ऐकून जीव हळहळतो. या शहराची खरी ओळख टेबलाशी बसल्यावरच होते. २०११ साली ऑस्ट्रियाने व्हिएन्नाच्या कॉफीहाउस-संस्कृतीची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. एक कॉफी मागवायची आणि दोन तास बसायचं, कुणी उठवायला येत नाही, हा तिचा गाभा. म्हणून सगळी तयारी त्या बसण्याच्या दृष्टीने करा.

१. दिवसाला एकच कॉफीहाउस ठेवा

यादी करून एका दुपारी चार ठिकाणं उरकू नका. १८७६ साली सुरू झालेलं 'काफे सेंट्राल' उंच कमानींसाठी प्रसिद्ध आहे, पण दाराशी रांग असते. तिथे जायचंच असेल तर सकाळी उघडताना जा. मला विचाराल तर पहिली भेट १८८०च्या 'काफे श्पेर्ल'ला द्या. जुनी लाकडी जमीन, बिलियर्डची टेबलं, खिडकीशी मऊ बैठका. संध्याकाळ रिकामी असेल तर 'हावेल्का' गाठा. ते १९३९चं. रात्री तिथे बुख्टेल्न मिळतात, म्हणजे आत जॅम भरलेले गोड, गरमागरम पाव.

अनेक ठिकाणी वाकवलेल्या लाकडाच्या गोल बैठकीच्या खुर्च्या दिसतील. मिखाएल थोनेटने १८५९ साली बाजारात आणलेल्या खुर्चीचा हा वंश. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलात बसलेल्या माणसाला ती पाहताक्षणी ओळखीची वाटते.

२. आत गेल्यावर

जागा सहसा आपणच निवडायची. टेबलावर 'रेझेर्विएर्ट', म्हणजे राखीव, अशी पाटी असेल तर ते सोडा, आणि दाराशी थांबायला सांगणारा फलक असेल तर थांबा. कोट अडकवा, बसा. वेटर काळ्या कोटातला असतो, त्याला 'हेर ओबर' म्हणतात. टाळी किंवा चुटकी वाजवू नका. नजरानजर झाली की मान हलवा, तेवढं पुरतं. तो सावकाश येतो. तुम्हाला टाळतोय असं मनात आणू नका, तिथली चालच तशी आहे.

३. नुसती 'कॉफी' मागू नका

आपल्या चहा-कॉफीच्या जिभेला सगळ्यात जवळची 'मेलांज': कॉफी, गरम दूध आणि वर दुधाचा फेस. 'क्लाइनर ब्राउनर' म्हणजे लहान कडक कॉफी, सोबत दूध किंवा सायीचं छोटंसं भांडं. तीच पाणी घालून वाढवली की 'फेरलेंगर्टर'. 'आइनश्पेनर' काचेच्या पेल्यात येते, काळी कॉफी आणि वर घुसळलेल्या सायीचा जाड थर. हे एका घोड्याच्या गाडीचं नाव. चमच्याने ढवळू नका, थंड सायीतून गरम कडू कॉफी ओठाशी येऊ द्या.

कॉफी येते ती छोट्या धातूच्या तबकात. शेजारी पाण्याचा पेला, त्यावर पालथा ठेवलेला चमचा. हे पाणी नळाचंच, पण आल्प्सच्या झऱ्यांचं. त्याची पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली. बिनधास्त प्या आणि बाटल्यांवरचे युरो वाचवा.

४. शाकाहारी असाल तर इथे नीट लक्ष द्या

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा एका जेवणाच्या ठिकाणी "मांस नको" असं स्पष्ट सांगून सूप मागवलं होतं. पातळ धिरड्यांच्या शेवयांसारख्या पट्ट्या घातलेलं, सोनेरी, दिसायला अगदी सात्त्विक. दोन चमचे घेतल्यावर कळलं की पाणी गोमांसाच्या हाडांचं आहे. वाढणाऱ्याच्या लेखी वाटीत मांसाचा तुकडा नव्हता, म्हणजे सूप शाकाहारी. त्या दिवशी सासूबाई नंतर काही जेवल्याच नाहीत, त्याची खंत अजून वाटते.

तेव्हा 'फ्रिटाटेनझुपे' आणि 'ग्रीसनोकर्लझुपे' ही सुपं टाळा. बटाट्याच्या कोशिंबिरीतही कधी कधी तोच रस्सा असतो, तेव्हा विचारा. "ओने फ्लाइश", म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबू नका. "ओने रिंटझुपे", म्हणजे गोमांसाच्या रश्शाशिवाय, हेही म्हणा. गुलाश आणि टाफेलश्पिट्स गोमांसाचे. 'वीनर श्निट्सेल' वासराचं, स्वस्त श्निट्सेल बहुधा डुकराचं.

अंड्यासाठी एक सोपी खूण आहे. मेनूत पदार्थापुढे बारीक अक्षरं छापलेली असतात, ती ॲलर्जीची. त्यातलं 'सी' म्हणजे अंडं, 'जी' म्हणजे दूध. मात्र मांसाचं अक्षर त्यात नसतं, ते तोंडीच विचारावं लागतं.

अंडं चालत असेल तर पोट मजेत भरतं. 'केझेश्पेत्स्ले' म्हणजे छोट्या मऊ शेवया, भरपूर चीज आणि वर खमंग कांदा. बेकन नाही ना, तेवढं पाहा. 'कायझरश्मार्न' हा जाड, मऊ गोड धिरड्याचा तुकडे-तुकडे केलेला पदार्थ आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबर खातात. एक ताट दोघांना पुरतं.

५. दुपारचं जेवण आणि रविवार

सोमवार ते शुक्रवार दुपारी 'मिटागस्मेनू' विचारा. ठरलेलं जेवण रात्रीपेक्षा स्वस्त पडतं. रविवारी बहुतेक सुपरमार्केटं आणि नाशमार्क्ट हा मोठा बाजार बंद असतो, म्हणून फळं, दही, ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर हे विसरू नका.

६. बिल

मागितल्याशिवाय बिल येत नाही. "त्सालन, बिटे" म्हणा. टिप टेबलावर सोडून जायची पद्धत नाही, पैसे देतानाच एकूण आकडा सांगायचा. बिल १३ युरो ४० सेंट झालं तर नोट पुढे करून "फीर्त्सेन", म्हणजे चौदा, म्हणायचं. उरलेले तो परत देतो. साधारण पाच ते दहा टक्के पुरे. कार्ड सगळीकडे चालेल असं धरू नका, थोडे रोख युरो जवळ असू द्या.

आणि बिल लगेच मागूच नका. लाकडी दांड्याला अडकवलेली वर्तमानपत्रं भिंतीशी असतात, त्यातलं एक आणा. जर्मन येत नसलं तरी चालतं. पाण्याचा पेला रिकामा दिसला की अनेक ठिकाणी हेर ओबर न सांगता दुसरा आणून ठेवतो.