‘पुरे’ कसे म्हणावे: हंगेरियन ‘एलेऽग’ वापरताना या चुका टाळा

हंगेरीत शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मराठी मुलामुलींना मी तिथली भाषा शिकवतो. दर तुकडीत मला त्याच त्या चुका दिसतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ‘पुरेसे असणे’ या एका कल्पनेभोवतीच्या असतात. कारण सरळ आहे. मुले मनातले मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेतात, तिथे ‘इनफ’, ‘सफिशियंट’, ‘ॲडिक्वेट’, ‘प्लेंटी’ यांपैकी एखादा शब्द उचलतात आणि मग मोबाइलवरच्या कोशात त्याचा हंगेरियन प्रतिशब्द शोधतात. वास्तविक ‘मला पुरे’ याला हंगेरियनमध्ये ‘नेकेम एलेऽग’ म्हणतात. ‘नेकेम’ म्हणजे ‘मला’ आणि ‘एलेऽग’ म्हणजे ‘पुरे’, इतकी ही दोन वाक्ये एकमेकांच्या जवळ आहेत. मधल्या इंग्रजीची येथे काहीच गरज नाही. (दीर्घ स्वर दाखवण्यासाठी या लेखात अवग्रह वापरला आहे आणि तो उच्चारात पाळणे आवश्यक आहे.)

सर्वांत महाग पडणारी चूक जेवणाच्या ताटावर होते आणि ती मी स्वतः केलेली आहे. सेगेद शहरात एका कुटुंबाने मला रविवारी दुपारी जेवायला बोलावले होते. तिथले प्रसिद्ध माशांचे लालभडक सूप झाले, त्यानंतर पनीरसारखा तूरो घातलेल्या रुंद शेवया झाल्या आणि घरातल्या आजींनी तिसऱ्यांदा डाव माझ्या ताटाकडे वळवला. ‘आय हॅव हॅड इनफ’ हे वाक्य माझ्या डोक्यात तयार होते. त्याचे शब्दशः रूपांतर करून मी हसतमुखाने म्हणालो, ‘कोसोनोम, एलेगेम वॉन.’ आजींचा हात जागीच थांबला. त्यांनी डाव भांड्यात ठेवला, भांड्यावर झाकण घातले आणि त्या काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या मुलीने मला नंतर हलक्या आवाजात समजावले की मी ‘आभारी आहे, मला आता वीट आला आहे’ असे म्हणालो होतो.

‘एलेगेम वॉन’ याची फोड केली तर ‘माझे पुरे आहे’ असा अर्थ निघतो आणि म्हणूनच ते निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ते केवळ वैतागासाठी राखीव आहे. कामाचा, गोंगाटाचा किंवा एखाद्या माणसाचा उबग आला की ते वापरतात आणि ज्याचा उबग आला त्याला ‘-बोऽल’ (लिहिताना -ból किंवा -ből) हा ‘मधून’ अशा अर्थाचा प्रत्यय लावतात. पोट भरले असेल तर ‘योऽल्लॉक्तॉम’ म्हणावे, म्हणजे ‘मी पोटभर जेवलो’. वाढणाऱ्याला थांबवायचे असेल तर ‘कोसोनोम, एलेऽग’ हेही चालते. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून पहिल्याच दिवशी ‘कोसोनोम, योऽल्लॉक्तॉम’ हे वाक्य वीस वेळा म्हणवून घेतो. काहींना ते पोरकट वाटते, पण एका आजींच्या चेहऱ्यावरचा तो बदल मी पाहिला आहे आणि तो माझ्या विद्यार्थ्यांनी पाहावा असे मला वाटत नाही.

याच वैतागाचा आणखी एक शब्दप्रयोग मराठी माणसाला फसवतो. ‘तोर्किग वॉद्योक’ म्हणजे शब्दशः ‘मी गळ्यापर्यंत आहे’. आपल्याकडे प्रकरण गळ्याशी येते तेव्हा माणूस संकटात असतो. हंगेरियन माणूस मात्र गळ्यापर्यंत येतो तेव्हा तो कंटाळलेला असतो. मदत मागण्यासाठी हे वाक्य वापरू नये. ‘माझा बर्फात घालायचा बूट भरला आहे’ अशा अर्थाचा ‘तेले वॉन ऑ होऽत्सिपोम’ हा वाक्प्रचारही वैतागाचाच आहे. तो मित्रांमध्ये शोभतो, प्राध्यापकांसमोर नाही.

दुसरी चूक कागदावर होते आणि म्हणून ती अधिक काळ टिकते. माझ्या एका विद्यार्थिनीने नोकरीच्या अर्जात आपले हंगेरियन भाषेचे ज्ञान ‘ॲडिक्वेट’ आहे असे लिहायचे ठरवले. कोशाने तिला ‘एलेऽक्शेऽगेश’ हा शब्द दिला आणि तिने तो तसाच उतरवला. शब्द खोटा नव्हता. गणितातल्या ‘आवश्यक आणि पुरेशी अट’ या संज्ञेत ‘पुरेशी’साठी हाच शब्द येतो. परंतु हंगेरीतल्या शाळांत आणि विद्यापीठांत 1 ते 5 अशी गुणश्रेणी असते. त्यात 5 म्हणजे ‘येलेश’, 4 म्हणजे ‘योऽ’, 3 म्हणजे ‘कोझेपेश’, 2 म्हणजे ‘एलेऽक्शेऽगेश’ आणि 1 म्हणजे ‘एलेऽक्तेलेन’, अर्थात नापास. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी प्रगतिपुस्तक येते आणि मग अर्जदार. चांगली भाषा बोलणाऱ्या त्या मुलीने स्वतःच्या हाताने स्वतःला जेमतेम उत्तीर्ण ठरवले होते. मी तो अर्ज वेळेत पाहिला म्हणून निभावले.

गुणवत्ता किंवा योग्यता सांगायची असेल तेव्हा ‘मेक्फेलेलो’ वापरावा. ‘साजेसा, जुळणारा’ असा त्याचा भाव आहे. संख्या किंवा प्रमाण औपचारिकपणे सांगायचे असेल तेव्हा ‘एलेगेंदो’ योग्य ठरतो, उदाहरणार्थ पुरेसा पुरावा किंवा पुरेसा कालावधी. बाजारात मात्र ‘एलेगेंदो’ म्हणू नये, कारण भाजीवाल्याशी ‘पर्याप्त’ म्हणून बोलल्यासारखे ते वाटते. तिथे 20 डेका, म्हणजे 200 ग्रॅम चीज कापून झाले की ‘एन्यी एलेऽग लेस’ म्हणावे, म्हणजे ‘एवढे पुरेल’. नुसते ‘एलेऽग!’ असे तोडून म्हटले तर ते आपल्या ‘पुरे!’ सारखेच दटावल्यासारखे ऐकू येते.

तिसरी चूक अर्थाच्या धूसरपणाची आहे. इंग्रजीत ‘इनफ’ विशेषणानंतर येतो, हंगेरियन ‘एलेऽग’ आधी येतो, हे मुले लवकर शिकतात आणि तेवढ्यावर निश्चिंत होतात. परंतु विशेषणाआधीचा ‘एलेऽग’ पुष्कळदा ‘पुरेसा’ऐवजी ‘बऱ्यापैकी’ या अर्थाने ऐकला जातो. ‘एलेऽग द्राऽगॉ’ म्हणजे ‘बरेच महाग’. एका विद्यार्थ्याने जानेवारीत घरमालकिणीला ‘खोली पुरेशी उबदार आहे’ असे सांगण्यासाठी ‘एलेऽग मेलेग’ म्हटले. तिने ‘खोली चांगलीच गरम होते आहे’ असे समजून हीटर कमी केला आणि तो दोन रात्री कुडकुडत राहिला. अशा वेळी ‘पोन्त योऽ’, म्हणजे ‘अगदी बरोबर आहे’, असे म्हणणे सुरक्षित असते. कशासाठी पुरेसे हे सांगायचे असेल तर ‘ऑह्होझ, होद्य’ (‘त्यासाठी, की’) हा दुवा जोडावाच लागतो आणि तो जोडला की संदिग्धता उरत नाही. नुसत्या ‘होद्य’वर भागवणारे विद्यार्थी माझ्याकडून वही परत घेऊन जातात.

अनेकवचनाबद्दल एवढेच सांगतो की ‘पुरेशा खुर्च्या’ म्हणताना हंगेरियन माणूस ‘एलेऽग सेऽक’ म्हणतो, खुर्ची एकवचनीच राहते. ‘सेऽकेक’ म्हणू नये.

उच्चाराकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मूळ शब्दात दुसरा स्वर दीर्घ आहे, पण ‘एलेगेम’ आणि ‘एलेगेत’ या रूपांत तो ऱ्हस्व होतो, तर ‘एलेऽगेदेत्त’ म्हणजे ‘समाधानी’ या शब्दात तो दीर्घच राहतो. समाधान आणि उबग हे दोन्ही एकाच मुळातून निघालेले असल्यामुळे, स्वर सैल सोडणारा माणूस ऐकणाऱ्याला विनाकारण कोड्यात टाकतो. सरकारी अर्जावर ‘एलेगेत तेस’ दिसले तर गोंधळू नये. त्याचा अर्थ ‘अटींची पूर्तता करतो’ असा आहे.

उपाय म्हणून मी एकच गोष्ट करायला लावतो. वहीत इंग्रजीचा रकाना ठेवायचा नाही. डावीकडे पूर्ण मराठी वाक्य आणि उजवीकडे पूर्ण हंगेरियन वाक्य, प्रत्ययांसह. सुटा शब्द लिहिलेला मला चालत नाही. तीन महिन्यांत बोलायला लागण्याची घाई असलेल्यांना ही पद्धत संथ वाटते आणि ते पुन्हा मोबाइलकडे वळतात. वही भरणाऱ्यांना मात्र पगाराची गोष्ट निघाली की ‘त्यासाठी पगार पुरत नाही’साठी ‘नेम फुत्त्यॉ राऽ’ आपोआप आठवते, कारण तिथेही ‘पुरणे’ हे क्रियापदच आहे.

‘प्लेंटी’साठी सगळेच ‘शोक’ म्हणतात. पण ‘शोक’ म्हणजे नुसते ‘खूप’. गरजेपेक्षा अधिक आहे हे त्यातून कळत नाही. ‘बोऽवेन एलेऽग’ म्हणावे. पाहुणे वाढले आणि स्वयंपाक पुरेल का अशी शंका कोणी काढली, तर ‘युत इश, मॉरॉद इश’ म्हणावे. ‘वाट्यालाही येईल आणि शिल्लकही राहील’ असा त्याचा अर्थ आहे, आणि वहीच्या डाव्या बाजूला त्याच्यासमोर आपले ‘पुरून उरेल’ लिहावे.