तळघराच्या भिंतींना इन्सुलेटेड पॅनेल: मराठवाड्यातल्या काळ्या मातीत काम कसं करावं

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडमध्ये दुकानाखाली किंवा बंगल्याखाली तळघर काढायची पद्धत वाढली आहे. भिंतींचे पोपडे झाकायचे असतात, एसीही बसवायचा असतो, म्हणून लोक तयार सँडविच पॅनेलकडे वळतात. दोन पत्र्यांमध्ये पफ (पॉलीयुरेथेनचा फोम) किंवा रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरलेली ही पॅनेल बसायला सोपी आणि दिसायला नीटस असतात. पण पॅनेल ओल थांबवत नाही, फक्त नजरेआड करतं. ओल असलेल्या भिंतीपुढे ते उभं केलं, तर पाणी मागे साचत राहतं आणि पत्रा खालच्या कडेपासून गंजत जातो. म्हणून कामाचा निम्मा भाग पॅनेल आणण्याआधीच उरकावा लागतो.

आधी पाणी येतं कुठून ते बघा

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तळघरासाठी मुरमात किंवा खडकात खड्डा खणतात, भिंती उभ्या करतात आणि भिंतीबाहेरची फट निघालेल्या काळ्या मातीनेच भरून टाकतात. सगळा घोळ इथे होतो. कडेचा खडक पाणी सहज पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे भरावात उतरलेलं पाणी तळघराभोवती विहिरीसारखं साचतं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, जोत्यालगत हात जाईल एवढी भेग पडते आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगेतून थेट भिंतीच्या पायाशी जातो. मग माती भिजून फुगते आणि भिंतीला रेटते. पावसाळ्यानंतर भिंतीच्या मध्यावर आडवी चीर दिसली, तर ती या रेट्याची असू शकते. अशी चीर पॅनेलने झाकू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

बाहेरून करायची कामं स्वस्त आहेत आणि परिणाम मोठा आहे. जोत्यालगतची वरची दीड-दोन फूट काळी माती काढून तिथे मुरूम कुटून भरा. त्यावर किमान 3 फूट रुंद काँक्रीटचा पट्टा करा आणि दर 40 इंचांना 1 इंच असा बाहेरच्या बाजूला उतार द्या. पट्टा आणि जोत्याचा सांधा लवचीक पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटने भरा. तिथे सिमेंट भरलं तर माती हलली की तडकतं. गच्चीचे पाइप भिंतीशी सोडू नका, पाणी 10 फूट तरी लांब न्या. शोषखड्डा, बोअरचं पुनर्भरण आणि कुंड्यांची रांग तळघराच्या भिंतीलगत नकोच.

आतली परीक्षा भर पावसाळ्यात करा. उन्हाळ्यात केलेली परीक्षा काही सांगत नाही. चार-पाच दिवस पाऊस झाल्यावर 2 फूट बाय 2 फूट जाड प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. पहिल्या बाबतीत वॉटरप्रूफिंग लागेल, दुसऱ्या बाबतीत हवा खेळती करणं पुरेल. प्रत्येक भिंतीवर एक खाली आणि एक छातीच्या उंचीवर, असे दोन तुकडे लावा.

भिंतीची तयारी

सुटलेला गिलावा ठोकून काढा. लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. पाणी झिरपत असलेल्या चिरांत पीयू इंजेक्शन करून घ्या, म्हणजे पीयू राळ दाबाने आत भरून घ्या. भिंत आणि जमीन मिळते तिथे 2 ते 3 इंचांचा वाटा (सिमेंटची गोलसर कड) मारा, कारण गळतीची सगळ्यात हमखास जागा तीच. त्यावर क्रिस्टलाइन किंवा पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंग लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. साधा ॲक्रिलिक रंग इथे टिकत नाही, आतून येणारं पाणी त्याला फुग्यासारखं उचलतं.

हे सगळं ऑक्टोबरनंतर करून पुढचा एक पावसाळा भिंत उघडी ठेवता आली तर उत्तम. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झाली तशी अतिवृष्टी पुन्हा झाली, तर उघड्या भिंतीवरची गळती सापडते. पॅनेलमागची सापडत नाही.

जुन्या वाड्याचं दगड-चुन्याचं तळघर असेल तर मात्र पॅनेल लावूच नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यापुढे पत्रा आला की ती सुकत नाही आणि दरजा भुसभुशीत होतात.

कोणतं पॅनेल घ्यावं

पफची उष्णतारोधकता सगळ्यात चांगली. 50 मिमी जाडी आणि घनमीटरला 40 किलोच्या आसपास घनता पुरते. थर्मोकोलचं पॅनेल स्वस्त पडतं, पण तेवढ्याच परिणामासाठी जवळपास दीडपट जाडी लागते. मात्र तळघराला बहुतेक वेळा एकच जिना असतो, आणि पफ किंवा थर्मोकोल पेटलं तर विषारी काळा धूर मिनिटांत खोली भरतो. जिथे माणसं बसणार तिथे रॉकवूल घ्या, ते जळत नाही. तेवढं बजेट नसेल तर निदान पीआयआर (पफपेक्षा आगीला जास्त टिकणारा फोम) घ्या. रॉकवूल पाणी मात्र पितं, म्हणून त्याची खालची कड उचललेली असणं फार महत्त्वाचं. आणि तळघर मंजूर नकाशात ज्या वापरासाठी दाखवलं आहे तोच वापर ठेवा, ही पैसे घालण्याआधी तपासायची गोष्ट आहे.

जमिनीखालची भिंत उन्हाळ्यातही फारशी तापत नाही. उष्णता येते ती जमिनीवर डोकावणाऱ्या दोन-तीन फुटांतून, विशेषतः पश्चिमेकडून, आणि वरच्या स्लॅबमधून. पैसे कमी असतील तर जाड पॅनेल पश्चिमेच्या भिंतीला घ्या, बाकीकडे 30 मिमी चालेल.

20 बाय 15 फुटांच्या, 9 फूट उंच खोलीचा हिशोब असा: घेर 70 फूट, पॅनेल 1 मीटर रुंद, म्हणजे कोपऱ्यांची कापाकापी धरून 22 आणि एक जास्तीचं, एकूण 23. स्लॅबला लावायचा यू चॅनेल 10 फुटी 8 नग, खाली पुढे-मागे लावायचे जीआय (जस्त चढवलेले) अँगल 14 नग, 300 मिलीच्या सीलंटच्या 14 नळ्या. 50 मिमीचं 9 फुटी पफ पॅनेल साधारण 27 किलो भरतं, दोन माणसं लागतात. ऑर्डर देण्याआधी 9 फूट लांब काठी जिन्याच्या वळणातून खाली नेऊन बघा. काठी अडली तर पॅनेलही अडणार, मग दोन तुकड्यांत मागवावं लागेल.

बसवणं

पॅनेल भिंतीपासून 2 इंच सोडून उभी करा आणि भिंतीत कुठेही फास्टनर मारू नका. प्रत्येक भोक नव्या वॉटरप्रूफिंगला पाडलेलं भगदाड असतं. आधार फक्त स्लॅब आणि जमिनीचा घ्या. जमिनीतही अँकर फरशीखालच्या कोब्यापुरताच, जोडीला पीयू ॲडेसिव्ह. लाकडी पट्ट्या आणि प्लाय मागच्या पोकळीत अजिबात नको, वाळवी आणि बुरशीला तेच लागतं.

स्लॅबला यू चॅनेल ठोका, ओळंबा सोडून खालची रेघ आखा आणि आधी मागचा अँगल बसवा. उंची दर चार फुटांना मोजा, कारण तळघराची जमीन क्वचितच सपाट असते. पॅनेल मोजलेल्या उंचीपेक्षा 25 मिमी कमी कापा: 15 मिमी खाली प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर उचलण्यासाठी, 10 मिमी वर स्लॅबच्या हालचालीसाठी. कापायला बारीक दातांचं जिगसॉ पातं वापरा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग जळतो, फोम पेटू शकतो आणि चिकटलेला लोखंडी कीस पहिल्याच पावसाळ्यात तांबेरतो.

सुरुवात कोपऱ्यातून करा. पहिलं पॅनेल ओळंब्यात नसेल तर पुढची सगळी तिरकी जातात आणि शेवटचं बसतच नाही, म्हणून त्याला हवा तेवढा वेळ द्या. कडांवरची प्लास्टिक फिल्म आधी सोला. प्रत्येक सांध्याच्या खाचेत सीलंटची सलग रेघ मारून पुढचं पॅनेल दाबा. सीलंट न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताचा थर खातं. कोपऱ्यांना एल फ्लॅशिंग (सांधा झाकणारी काटकोनी पत्र्याची पट्टी) लावून दर 10 इंचांवर रिव्हेट मारा. पुढचा अँगल मात्र स्क्रूने लावा, म्हणजे एखादं पॅनेल काढून मागे बघता येईल.

वायरिंग पॅनेलच्या वरून पाइपमधून न्या आणि बोर्ड जमिनीपासून 4 फुटांवर ठेवा. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारी रिंग) घातलाच पाहिजे, नाहीतर धार वायर कापते आणि सगळी भिंत करंट मारते. म्हणूनच पॅनेलना अर्थिंग आणि लाइनवर 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा रॅकचं वजन पेलत नाही, त्यामुळे रॅक जमिनीवरच उभे करा.

मागच्या पोकळीतलं पाणी जाण्यासाठी भिंतीच्या पायाशी छोटी नाली करून ती कोपऱ्यातल्या संपमध्ये (पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यात) सोडा. तिथे फ्लोट स्विचचा, पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप बसवा आणि तो इन्व्हर्टरवर जोडा, कारण मोठा पाऊस आणि वीज जाणं बहुधा एकाच वेळी होतं. खोली बंद झाल्यावर एक्झॉस्ट फॅन लागतोच. दमट दिवसांत मात्र तो सतत चालवू नका, बाहेरची दमट हवा आत येऊन एसीने गार झालेल्या पत्र्यावर पाणी धरते. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला दोन ठिकाणचा पुढचा अँगल उघडून, पॅनेल सरकवून टॉर्चने मागे बघा. वाट्याजवळ पांढरा लोणा दिसला तर ती जागा खडूने खूण करून ठेवा आणि दुरुस्ती थंडीत करा.