डिकीत एवढं तरी असू द्या

बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरना मागच्या चाकातच मोटर असते, त्यामुळे पंक्चर झालं तर चाक काढणं म्हणजे वायरींसकट मोठं काम होऊन बसतं, म्हणून टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा चार्जिंगवाला एअर पंप आधी घ्या, आणि घरी एकदा वापरून बघाच कारण किटमधली रबरची पट्टी पंक्चरच्या भोकात ढकलायला चांगलाच जोर लागतो. बाकी स्क्रूड्रायव्हर, अॅलन की (षटकोनी खाचेच्या स्क्रूसाठीची चावी), टॉर्च. जादा फ्यूज मात्र गाडीत आहे त्याच अँपिअरचा ठेवा, जास्त अँपिअरचा टाकला तर वायर जळू शकते. लांब जाताना चार्जर सोबत हवाच. पॉवर बँक मात्र उन्हात तापलेल्या डिकीत ठेवून जाऊ नका हं.