पेटंट फेरतपासणीत अडकलंय? लायसन्सिंग कंपनीचा शेअर विकण्याआधी किंवा वाढवण्याआधी हे तपासा

पेटंट वापरायला देऊन रॉयल्टी कमावणाऱ्या अमेरिकी बाजारातल्या कंपनीचं पेटंट फेरतपासणीत, म्हणजे पेटंट ऑफिसच्या दुसऱ्या तपासणीत, अडकलं आणि करार लांबला, की दोन अफवा हमखास उठतात. एक म्हणते, "सौदा आतून झालाय, जाहीर व्हायचा बाकी आहे." दुसरी म्हणते, "पेटंट गेलं." दोन्ही कागदावर तपासता येतात, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आधी अमेरिकी शेअर बाजाराची नियामक संस्था सेकच्या एडगर संकेतस्थळावर कंपनीचा वार्षिक अहवाल, म्हणजे 10-के, उघडा. रॉयल्टी कोणत्या पेटंटवर येते, त्याचे क्रमांक वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे मुदत संपण्याची तारीख लिहा. ही तारीख लोक विसरतात. जालना-परभणीच्या कापूस पट्ट्याला हे सांगायला नको. बीटी कपाशीच्या ट्रेट फीचा, म्हणजे बियाण्यातल्या बीटी गुणधर्मासाठी पेटंटधारकाला द्यायच्या रकमेचा, वाद कोर्टात गेला, एप्रिल 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंटच अवैध ठरवलं, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंटची मुदतच संपली. भांडण जिंकेपर्यंत वसुलीची वर्षं निघून जातात.

मग अमेरिकी पेटंट ऑफिसच्या पेटंट सेंटरवर जा. फेरतपासणीचा क्रमांक 90 ने सुरू होतो. अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत ऑफिसला एवढंच ठरवायचं असतं, की पेटंटच्या पात्रतेबद्दल नवा, ठोस प्रश्न उभा राहतो का. बहुतेक अर्ज मंजूर होतात, त्यामुळे या बातमीवर घाबरून विकू नका. पहिल्या कारवाईत क्लेम, म्हणजे पेटंटने नेमका कशावर हक्क सांगितलाय ते मुद्दे, नाकारले जाणंही नेहमीचंच. "फायनल रिजेक्शन" हा शब्द सगळ्यात जास्त फसवतो. त्यानंतरही पेटंट ऑफिसचंच अपील बोर्ड आणि पुढे फेडरल सर्किट कोर्ट शिल्लक असतं.

फेरतपासणी आणि आयपीआर (इंटर पार्टेस रिव्ह्यू, म्हणजे बोर्डापुढे दोन्ही बाजू लढवतात ते पेटंटला आव्हान) यांची गल्लत करू नका. आयपीआर सुरू झाल्यावर साधारण एका वर्षात निकाल द्यावा लागतो, फार तर सहा महिने वाढतात. फेरतपासणीला अशी शेवटची तारीख नाही. "या तिमाहीत निकाल" असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर त्याला तारीख कुठून मिळाली ते विचारा.

आता खरं काम. वहीत क्लेमनिहाय तक्ता करा: कायम, दुरुस्त, रद्द. वीस क्लेमपैकी पंधरा टिकले तरी उपयोग नाही, जर खटल्यात वापरलेले पाचच गेले असतील. दुरुस्त झालेला क्लेमही धोक्याचा, कारण अर्थ बदलला असेल तर दुरुस्तीआधीच्या काळाची भरपाई सहसा बुडते.

तडजोड झाली तरी फेरतपासणी थांबत नाही. 2006 मध्ये ब्लॅकबेरीवाल्या आरआयएमने एनटीपी या पेटंटधारक कंपनीला 61.25 कोटी डॉलर दिले, तेव्हा पेटंट ऑफिस एनटीपीचे क्लेम नाकारत होतं. विक्रीवर बंदी येण्याची भीती मोठी होती. उलट व्हर्नेटएक्स या पेटंटधारक कंपनीला 2020 मध्ये ज्यूरीने अ‍ॅपलकडून 50.28 कोटी डॉलर मंजूर केले, पण बोर्डाने ते क्लेम अपात्र ठरवल्याचं कायम झालं आणि 2023 मध्ये ती रक्कम हातची गेली.

"आतून झालेल्या" सौद्यासाठी एडगरवरच 8-के, म्हणजे महत्त्वाची घडामोड कळवणारा अहवाल, बघा. नेहमीच्या व्यवहाराबाहेरचा महत्त्वाचा करार चार कामकाजाच्या दिवसांत तिथे यावा लागतो.

नंतर रोकड. समजा हातात 2.4 कोटी डॉलर आहेत आणि तिमाही खर्च 40 लाख. म्हणजे दीड वर्ष. अपील त्याहून लांबलं तर कंपनी नवे शेअर काढून पैसा उभा करते आणि तुमचा हिस्सा पातळ होतो. लांबलेल्या प्रकरणात भागधारकाचं नुकसान बहुधा इथेच होतं, निकालात नव्हे.

अमेरिकी बाजार आपल्या वेळेनुसार उन्हाळ्यात संध्याकाळी 7 ला उघडतो, हिवाळ्यात 8 ला, आणि बंद होतो मध्यरात्रीनंतर दीड किंवा अडीचला. मोठी बातमी अनेकदा त्यानंतर येते. सकाळी उठेपर्यंत भाव इतका खाली गेलेला असतो, की स्टॉप-लॉस, म्हणजे भाव पडल्यावर आपोआप विकण्याचा आदेश, ठरवलेल्या किमतीला लागतच नाही. म्हणून पूर्ण बुडाली तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम यात ठेवा. कापसाच्या पट्टीचे किंवा पीककर्जाचे पैसे इथे नकोत. शेअर विकला नसला, तरी आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफएमध्ये, तो दाखवावाच लागतो.