अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर दुधाचा हिशोब

आमच्या दूध संकलन केंद्राचा हिशोब मी अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये ठेवते. फॉर्मच्या डिझाइन व्ह्यूमध्ये (फॉर्मची मांडणी बदलायच्या दृश्यात) टेक्स्ट बॉक्स टाका, त्याच्या प्रॉपर्टीतल्या कंट्रोल सोर्समध्ये =[लिटर]*[दर] लिहा. रक्कम आपोआप येते.

खरी गोची बेरजेची. फॉर्मच्या तळाच्या फूटरमधल्या सम (Sum, बेरजेचं फंक्शन) मध्ये मी त्या बॉक्सचंच नाव घातलं होतं. एरर काही हटेना. समला फील्ड (टेबलातला रकाना) लागतं, बॉक्सचं नाव चालत नाही. कंसात पुन्हा [लिटर]*[दर] लिहा. आणि दर रिकामा राहिला तर बेरीज गुपचूप कमी भरते, शेतकऱ्याचं नुकसान होतं! टेबलात दर 'रिक्वायर्ड' (भरणं सक्तीचं) कराच.

नव्या नोंदीचं बटण विझार्डने बनवा: रेकॉर्ड ऑपरेशन्स, अ‍ॅड न्यू रेकॉर्ड. टॅब क्रमात (टॅब की दाबल्यावर कर्सर फिरतो त्या क्रमात) ते दरानंतर ठेवा. बटणाच्या मॅक्रोच्या (ते दाबल्यावर चालणाऱ्या आज्ञांच्या यादीच्या) शेवटी गोटूकंट्रोल ही आज्ञा जोडली की कर्सर परत लिटरवर येतो. पहाटे कॅनची रांग असताना माउसला हात लावावा लागत नाही.